विचाराधीन जिप्सी

विषय: जुनी जिप्सी दारात ठेवण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ: शोभावहिनींचा तोंडी आदेश, "हे डबडं विका."

तर आता तुम्हीच सांगा, दिग्रसच्या कचेरीत जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज दाबून बसलेल्या कमलाकररावांनी रिटायर झाल्यावर घ्यावी काय, तर जंगल सफारीतून रिटायर झालेली हिरवी जिप्सी, घाट जपानी, छत कापडाचं, आणि मागं बसलं की मणके एकेक करून आपली हजेरी देतात... एवढीशी गाडी हो. पण सकाळी उठून हे आधी तिची काच पुसणार, मग स्वतःचा चष्मा. वहिनींनी शेवटची मुदत दिली, "एकदा बसते. नाही पटलं तर रविवारी गिऱ्हाईक येऊन राह्यलं."

त्यात देवसिंगचं बोलावणं आलं. देवसिंग म्हणजे कचेरीतला जुना शिपाई. त्याच्या बंजारा तांड्यावर तीज होती, पोरी टोपल्यांत उगवलेला गहू घेऊन नाचणार होत्या. पण तांड्याच्या अलीकडं नाला, काठाला पाहुण्यांच्या मोठमोठ्या पांढऱ्या गाड्या, आणि मालक पँट दुमडून काळ्या चिखलाकडं पाहत उभे. कमलाकररावांनी छोटा दांडा ओढला, चारही चाकांना जोर आला, आणि तुम्हाला सांगतो, ती जी पाण्यात उतरली... मधेच एक चाक हवेत, तर बाकीच्या तिघांनी त्याचं काम वाटून घेतलं, आमच्या कचेरीत असं कधी घडल्याचं मला आठवत नाही... मग चढण, समोर नुसतं आभाळ, वहिनींचे डोळे मिटलेले, आणि उघडले तेव्हा पलीकडचा काठ. एवढीशी गाडी हो. कमलाकररावांना श्वास घ्यायचं राहूनच गेलं होतं. वहिनींनी मान वळवून मागं राहिलेला नाला पाहिला.

तांड्यात शिरले तर गाणं बंद, माणूस नाही. का? तर पावसाळ्यात जंगल बंद, तरी सफारीची गाडी गावात, म्हणजे वाघ बाहेर पडला. सगळा तांडा टोपल्यांसकट घरात. देवसिंगच्या मानीबाईनं कवाड किलकिलं केलं.

"कुठं दिसला जी साहेब?"

"कोण?"

"वाघ जी."

आतून देवसिंग, "कवाड लाव वं, जंगलाचा साहेब नवीन दिसते."

तेव्हा वहिनी गाडीत उभ्या राहिल्या, दांडीला धरून, "अहो देवसिंग, वाघ कुठला, तुमचे कमलाकरबाबू आहेत. यांच्यानं कधी कागद हलला नाही, हे कोणावर झडप घालतात?"

"कायले मजाक करता बाई," देवसिंग आतूनच म्हणाला, "बाबूजीनं नाला पार केला?"

मग कवाडं उघडली, गाणं सुरू झालं, आणि वहिनींनी हुकूम सोडला, "त्या पांढऱ्या गाड्यांतले पाहुणे घेऊन या आता." प्रत्येक फेरीला वहिनी पुढच्या सीटवर.

परतताना कमलाकररावांनी भीत भीत विचारलं, "मग, ठेवायची?"

"रीतसर अर्ज द्या."

दिला. चहाच्या डब्याखाली गेला. रविवारी गिऱ्हाईक आलं, त्याला चहा पाजून वहिनींनी वाटेला लावलं, "प्रकरण विचाराधीन आहे." आणि ते वळलं तशी पर्स घेऊन गाडीत जाऊन बसल्या.

"अर्जाचं काय झालं?" यांनी विचारलं.

"चौकशी चालू आहे. आधी दुसरा नाला दाखवा."

पोळा झाला, दसरा झाला, आता तालुक्यात पाहायचा नाला उरलेला नाही. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.