रबराची चाकं

माझ्या वेल्डिंगच्या दुकानात मी एकदाच कोणावर उपकार करायले गेलो, अन् त्याले मारूनच टाकलं असतं.

अकोल्यातले रहीमचाचा. कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये दोन्ही पाय गेले, मग ते जिनिंगही बंद पडलं. फळीले चाकं म्हणून लोखंडी बेअरिंग लावून, तिच्यावर बसून दोन्ही हातांनी रस्ता रेटत बसस्टँडवर निंबू विकायले जायचे. खड्ड्यांनी कंबर मोडून राहिली म्हणाले, म्हणून मी मोठी रबराची चाकं लावून देली. फुकट!

तिसऱ्या दिवशी आले, कोपर फुटलेलं.

"बेटा, माझे बेअरिंगच दे."

"काहून? हादरे बसतात?"

"हादरे नाही, पण आवाजही नाही. खडखड आयकून लोक खाली पायत होते. काल ट्रकवाला गाडी रिव्हर्स घेऊन राहिला होता, त्याले मी दिसलोच नाही."

"मग घंटी लावून देतो ना."

"वाजवू कायनं? हातानं तं मी चालतो."