दोन्हीकडे टाचण्या

नाव: गणवेशवाल्या काकू (गल्लीत याच नावाने ओळख). वय: ५८. धंदा: शिवणकाम, शाळेचे गणवेश. राहणार: इस्त्रीच्या दुकानावर, पहिला मजला. वेळ: सकाळी ११.०५.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती आणि धाकटे दीर असे तिघे राहतो. पती बसचालक होते. एकतीस वर्षांत त्यांची बस एकदाही उशिरा सुटली नाही. आठ महिन्यांपूर्वीच्या तपासणीत लांबचे नीट दिसत नाही असे निघाले आणि स्टिअरिंग सुटले. तेव्हापासून ते खिडकीपाशी बसून असतात. रस्त्यात कुणी गाडी आडवी घातली की त्यांचा उजवा पाय फरशीवर ब्रेक दाबतो. मला ते बघवत नाही.

बस चालवण्याचा एक गेम आहे. तो आमच्या जुन्या संगणकावर उघडतसुद्धा नाही, म्हणून मी नवीन संगणक जोडायचे ठरवले. खिसा बेताचा असल्याने वेगळे ग्राफिक्स कार्ड नको, चित्रे उमटवण्याची सोय पोटातच असलेला प्रोसेसर घ्यावा, हे मी तीन आठवडे काजे करता करता व्हिडिओ बघून ठरवले. प्रोसेसर मी स्वतः आणला. तो ज्यावर बसतो तो मदरबोर्ड आणायचे काम दिरांनी अंगावर घेतले. कोणता आणायचा ते मी कागदावर लिहून दिले होते. कागद त्यांनी खिशात घातला आणि दुकानातल्या सगळ्यात मोठ्या खोक्यातला बोर्ड आणला.

आज सकाळी दहा वाजता मी दोन्ही वस्तू कापडाच्या टेबलावर उघडल्या. माझ्या प्रोसेसरच्या पोटाला हजारावर बारीक टाचण्या आहेत. दिरांच्या बोर्डावर जिथे तो बसायचा, तिथेही टाचण्याच. प्रेसबटणाच्या दोन्ही बाजूंना बोंडेच असतील तर ते लागणार कसे, असे मी विचारले.

दीर म्हणाले, "वहिनी, हा नवा आहे, जास्त ताकदीचा. थोडं दाबलं की बसेल."

मी म्हटले, "दाबून बसायला ते काय ट्रंकेचं झाकण आहे, भाऊजी?"

"तुम्ही आपलं शिवणकाम बघा!"

यावर मी त्यांना मठ्ठ म्हटले. ते बोर्डाचे खोके उचलून, दार आपटून निघून गेले. भांडण चालू असेपर्यंत पती फरशीवर ब्रेक दाबत होते.

साडेदहाला पाहिले तर प्रोसेसरची प्लॅस्टिकची डबी रिकामी. टेबलाखाली, चिंध्यांच्या पिशवीत, चौदा अर्धवट शर्टांच्या खिशांत शोधले. मिळाला नाही. अंगात स्वेटर घालून तडक इथे पोलीस ठाण्यात आले. माझा संशय दिरांवर आहे. आपलाच बोर्ड खरा ठरावा म्हणून त्यांनी तो चोरला.

सही करताना कागद धरायला मी डावा हात टेबलावर ठेवला असता टक् असा आवाज झाला. लिहून घेणाऱ्या हवालदारबाईंनी विचारले, "काकू, बाहीत काय आहे?" मी बाही वर केली. मनगटावर टाचण्यांची स्पंजची उशी होती. कामाला बसताना बांधते, ती जेवतानाच सोडते. त्या उशीत प्रोसेसर नीट खोचलेला होता. उघडी टाचणी टेबलावर ठेवायची नाही ही माझी तीस वर्षांची शिस्त आहे. तोंड भांडत असताना हाताने आपले काम केले. त्यानंतर मी व हवालदारबाई किती वेळ हसलो ते नोंदवलेले नाही.

कोपऱ्यातली एक टाचणी किंचित वाकली होती. मी ती बारीक सुईने सरळ केली. तोवर ठाण्यात कुणीही श्वास घेतला नाही.

एवढ्यात दीर मला शोधत ठाण्यात आले. हातात नवे, लहान खोके होते. म्हणाले, "वहिनी, कागद वाचला. बोर्ड बदलून आणला. तुमचंच खरं होतं." मला रडू आले आणि हसूही आले. तक्रार मी मागे घेते. लिहिलेले खोडता येत नाही असे कळल्याने भाऊजींना ते वाचून दाखवू नये अशी विनंती केली, पण त्यांनी टेबलाच्या उलट्या बाजूने आधीच वाचले होते. त्यांचे म्हणणे असे की, "चोर राहू द्या, मठ्ठ तेवढं काढा."

पुरवणी जबाब, सायंकाळी ५.५०. विचारले नसता स्वखुशीने सांगते की, प्रोसेसर बोर्डात बोटही न दाबता बसला. संगणक पाच वाजता सुरू झाला. पतींनी बसच्या गणवेशाचा शर्ट घातला, तो मीच इस्त्री करून ठेवलेला होता. दीर आणि मी मागे स्टुलांवर बसलो. पडद्यावरच्या बसला ब्रेक आता खरोखर लागतो. पहिल्या वळणाआधी ते मान न वळवता म्हणाले, "धरून बसा." आठ महिन्यांनी तो आवाज ऐकला. मी स्टूल धरले.

हवालदारबाईंनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले, मी सांगितले तसेच आहे. दुसरी खेप सहा दहाला आहे आणि ती बस माझ्यासाठीही थांबणार नाही, म्हणून सही उभ्या उभ्या करते.