शिलाजीत आणि चरस

सिंगापूरला फासावर जाता जाता राहिलो, ते आमच्या हिच्यामुळे. एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं. तिथल्या टॅम्पिनीस भागात मुलाकडे निघालो होतो. सामानात गुडघ्यांसाठी शिलाजीत होतं. विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने डबीतला काळा गोळा हुंगला.

“अंकल, चरस?”

तिथे चरसाला फाशी. फरक पटवल्याशिवाय हलायचं नाही, असं मी ठरवलं.

“चरस झाडाचा. ओला फुलोरा तासन्‌तास तळहातांवर चोळायचा आणि हाताला चिकटलेला चीक खरवडून त्याचा गोळा करायचा. हे तर डोंगरातून पाझरतं!”

“इतकं कसं माहीत?”

“वाचलंय.”

त्याने वरिष्ठांना बोलावलं. तेवढ्यात ही पुढे झाली.

“साहेब, यांनी चाळीस वर्षांत एकदा कणीक मळलेली नाही. हे चरस काय चोळणार?”

वरिष्ठ विवाहित असावेत. त्यांनी तपासणीसुद्धा न करता डबी परत दिली.