ओट्यावरचं फडकं

गॅरेजात माझ्या स्कूटरची वाट बघत बसलो होतो. शेजारी एका जुन्या मोटारीचं बॉनेट उघडं होतं. एका बाजूला मिस्त्री, दुसऱ्या बाजूला साठीपुढच्या एक बाई.

“मिस्त्री, स्पष्ट सांगा. मुलगा म्हणतो, भंगारात द्या. आठवड्याला लिटरभर ऑइल पिते.”

“पीत नाही काकू, ओकते. इंजिन ठणठणीत आहे.”

“मग ओकते कशाला?”

“इंजिनालाही श्वास सोडावा लागतो. त्यासाठी ही नळी. ती बुजली की आतली हवा कोंडते आणि ऑइलला बाहेर ढकलते. नळीत काय निघालं बघा.”

“चिंधी?”

“घट्ट कोंबून वरून तार गुंडाळलेली. काका होते तोवर दुसऱ्या कुणी हात लावला होता का इंजिनाला?”

“छे! त्यांनी पोराला किल्ली दिली नाही कधी. बघू इकडे. अहो, हे माझं ओट्यावरचं फडकं! हरवलं म्हणून यांनाच ओरडले होते मी.”

“काकांनी नळीत कशाला कोंबलं?”

“ते जाण्याआधी चार वर्षं मी एकदाच म्हटलं होतं, गाडीत तेलाच्या वासानं मळमळतं. दुसऱ्या दिवसापासून वास बंद.”

“आणि पुढे चार वर्षं ते ऑइल ओतत राहिले?”

“डिकीत डबाच असायचा. मी म्हणायचे, पुरे करा त्या म्हातारीचे लाड.”

“आता नळी मोकळी ठेवतो. थोडा वास येईल हं.”

“येऊ दे. काच खाली करता येते, हे तेव्हा दोघांनाही सुचलं नाही.”