मागचा दोर

टूरुंडा पोलीस ठाणे, रिव्हरलँड, साउथ ऑस्ट्रेलिया
पुरवणी जबाब

मी ग्वेनिथ क्लाइनिग, वय ७१ वर्षे, पूर्वी संत्र्यांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला, सध्या घरीच, राहणार कॅनरी रोड, टूरुंडा, आज स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी माझे पती लायल क्लाइनिग, वय ७५, यांच्यासह राहते. आम्हाला मूलबाळ नाही. लायलचा धाकटा भाऊ वेस्ली आमच्या मागच्याच गल्लीत एकटा राहत होता. कागदात त्याला मयत म्हणावे लागते असे कॉन्स्टेबल बाईंनी सांगितले. आम्ही त्याला वेस म्हणायचो, तसेच लिहावे अशी मी विनंती केली व ती त्यांनी मान्य केली.

लायलची स्मृती जात चालली आहे. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तसे स्पष्ट सांगितले व गाडी चालवणे बंद करायला लावले. बोटीचा परवानाही परत करायचा होता. 'मार्जरी' ही बोट दोघा भावांनी तरुणपणी वडिलांच्या शेडमध्ये बांधली असून तिला त्यांच्या आईचे नाव आहे. परवाना परत देण्याआधी लायलने एकदा बोट लॉकमधून, म्हणजे बंधाऱ्याजवळच्या, पाणी भरून-सोडून बोटी चढवायच्या-उतरवायच्या दोन दरवाजांच्या हौदातून, वर न्यावी, पलीकडे जेवावे आणि परत यावे, असे वेसने सुचवले. मी नको म्हणाले होते. त्यावर वेस म्हणाला, "अगं, निरोप तरी घेऊ दे त्याला नदीचा. मी असतो की बरोबर." मग मी हो म्हणाले.

शनिवारी सकाळी न्याहारी करून आम्ही तिघे निघालो. सुकाणूवर लायल होता व वेस त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. हवा स्वच्छ होती, पाण्याला ओढ नव्हती. पिवळ्या कड्यांच्या वळणावर एक पेलिकन पक्षी बोटीला आडवा आला, तेव्हा वेस म्हणाला, "कॅप्टन, त्याला आधी जाऊ दे. त्याच्याकडे परवाना आहे." लायल हसला. तो असा हसलेला मी बऱ्याच महिन्यांत पाहिला नव्हता.

सकाळी लॉकमधून वर जाताना काहीही अडचण आली नाही. पुढचा दोर वेसकडे व मागचा दोर माझ्याकडे होता. वरच्या अंगाला वाळूच्या किनाऱ्यावर आम्ही सँडविच खाल्ली. कोणीही दारू घेतली नव्हती, बिअरसुद्धा नाही. जेवताना लायलने मार्जरी अजून का आली नाही असे विचारले. त्याला बोट म्हणायचे नव्हते, आई म्हणायचे होते. वेसने सांगितले की ती घरी थांबली आहे, तिला ऊन सोसत नाही. तेवढ्यावर त्याचे समाधान झाले. वेसला अशी उत्तरे सुचत. मला सुचत नाहीत, मी चुका दुरुस्त करत बसते. त्या दिवशीही सकाळपासून मी त्याला टोपी उलटी आहे, बूट दुसऱ्या पायात आहे, हा आपला थर्मास नाही, असे सांगत होते. एकदा तो म्हणाला, "ग्वेन, तू मला दिवसभर शिकवतेस." त्यानंतर मी काही बोलायचे नाही असे ठरवले.

दुपारी आम्ही परत लॉकमध्ये शिरलो. हौदात आमची एकच बोट होती. लॉकवरील अधिकाऱ्यांनी वरून हात केला, मागचे दरवाजे बंद केले आणि दोर हातातच धरा, बांधू नका, असे भोंग्यावरून सांगितले. ते मी ऐकले. त्यांच्याकडून काहीही चूक झालेली नाही.

खाली जाताना हौदातले पाणी सोडतात व पाण्याबरोबर बोट उतरते. म्हणून दोराला भिंतीवरच्या खुंटाचा नुसता वळसा देऊन दुसरे टोक हातात ठेवायचे असते आणि बोट उतरेल तसा दोर सैल सोडायचा असतो. बांधला तर बोट भिंतीला टांगून राहते. नदीवरच्या सगळ्यांना हे माहीत असते. मला ते लायलनेच शिकवले, आमचे लग्न व्हायच्या आधी.

बोट भिंतीला लागल्यावर लायल इंजिन बंद करून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "दे इकडे. तुझे हात सोलतील." पूर्वी तो नेहमी असेच म्हणायचा. त्याचा चेहराही पूर्वीसारखा होता. मी दोर त्याच्या हातात दिला.

त्याने तो बोटीवरच्या खुंटीला आठाच्या आकड्यात गुंडाळून वरून गाठ मारली. गाठ व्यवस्थित होती. मी ती पाहिली. वेस पुढे होता, त्याची पाठ आमच्याकडे होती. मी लगेच बोलायला हवे होते. मी बोलले नाही. आता तो स्वतःच सोडेल, त्याला आठवेल, असे मला वाटले. पाणी उतरू लागले होते.

बोटीचा मागचा भाग भिंतीच्या बाजूने वर अडकला व ती कलली. थर्मास आणि बशा घसरून पलीकडच्या कडेला गेल्या. तेव्हा मी वेसला हाक मारली. मी गाठ सोडायचा प्रयत्न केला, पण बोटीचा सगळा भार तिच्यावर आला होता. वेस सुरी घेऊन मागे आला. लायलने त्याचा हात धरला व म्हणाला, "राहू दे रे, चांगली घट्ट आहे." वेस त्याच्यावर ओरडला नाही. "हो, घट्ट आहे. जरा सरक, दादा," असे तो म्हणाला. त्याचे हे शेवटचे बोलणे.

वेसने दोर कापला. बोट एकदम खाली आदळली व डोलली. वेस भिंत आणि बोट यांच्यामध्ये पडला. बोट परत भिंतीकडे आली. मी दोन्ही हातांनी भिंतीला रेटा दिला, पण बोट थांबली नाही. अधिकाऱ्यांनी पाणी बंद केले आणि ते शिडीने खाली उतरले. वेसला बाहेर काढण्यात आम्हाला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. त्या वेळात लायल सुकाणूवर जाऊन उभा राहिला होता व पुढे बघून, "वेस, दरवाजे उघडतायत, दोर घे," असे सांगत होता.

हॉस्पिटलमध्ये वेस गेल्याचे सांगण्यात आले.

शनिवारी लॉकवर दिलेल्या जबाबात, मागचा दोर मी बांधला, असे मी सांगितले होते. ते खरे नाही. दोर लायलने बांधला. तो बांधताना मी पाहिले व गप्प राहिले. मी खोटे सांगितले, कारण हे त्याच्या नावावर कुठेही लिहिलेले राहू नये असे मला वाटत होते. आज खरे सांगते त्याचे कारण असे, की माझ्यावर काही कारवाई झाली तर लायलजवळ राहायला कोणी नाही. मला काही झाले तर वेस त्याच्याकडे बघेल असे आमचे ठरले होते.

लायलला त्या दिवसाचे काही आठवत नाही. हॉस्पिटलमध्ये त्याने वेस कुठे आहे असे विचारले, तेव्हा मी खरे सांगितले. तो जमिनीवर बसला. संध्याकाळी त्याने परत विचारले. मी परत सांगितले व तो परत तसाच जमिनीवर बसला. रविवारी सकाळीही तसेच झाले. आता तो विचारतो तेव्हा वेस बर्फ आणायला गेला आहे असे मी सांगते. मग तो खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत बसतो व कोणी उठवल्याशिवाय उठत नाही. यातले कोणते सांगावे ते मी डॉक्टरांना विचारले. ज्याने तुम्हाला सोपे जाईल ते सांगा, असे ते म्हणाले.

याहून अधिक मला माहीत नाही. कोणाविरुद्ध माझी तक्रार नाही.

जबाब टाइप केल्यावर तो मला वाचून दाखवण्यात आला. माझे पती बाहेर बाकावर बसलेले असल्याने माझ्या विनंतीवरून दार लावून तो हळू आवाजात वाचण्यात आला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे व बरोबर आहे.

सही/- ग्वेनिथ क्लाइनिग