वाढत्या अंगाची टोपी

बहीण कॅन्सरच्या दवाखान्यात केमोसाठी आत गेली होती आणि बसचालक भाऊ बाहेर बाकावर ताटकळला होता. शेजारी एक म्हातारं शिंपी जोडपं होतं. आजोबांच्या मेंदूत कॅन्सरची गाठ होती, हे त्याला ऐकता ऐकताच कळलं.

"एक केमो झेपता झेपेना, त्यात आजपासून हे दुसरं औषध कशाला?"

"केमो गाठीवर मारा करणार. दुसरं तुमच्याच अंगातली फौज जागी करणार. डॉक्टरांनी एवढं समजावलं की!"

"माझीच फौज? मग इतके दिवस काय झोपा काढत होती?"

"तुमचीच ना! दोन हाका मारल्याशिवाय उठेल कशी?"

"आणि नाहीच उठली तर?"

"सगळ्यांना गुण येतोच असं नाही, हेही म्हणालेत ते. पण हाक तर मारून बघायची. टोपी घाला आता, गार लागेल डोक्याला."

"ही तर डोळ्यांवर येतेय. जन्मभर लोकांची मापं घेतलीस आणि नवऱ्याच्या डोक्याला चुकलीस?"

"चुकले नाही. शाळेतल्या मुलांचे कपडे कसे शिवायचो आपण?"

"वाढत्या अंगाचे."

"मग? केस यायचेत अजून."

आजोबांनी टोपी हळूच कानांपर्यंत ओढली.

आतून बसचालकाला हाक आली. तो उठला, दाराशी गेला आणि परत वळला.

"आजी, माझ्या बहिणीलाही एक शिवून द्याल?"

"देईन की. केस केवढे होते रे तिचे?"

"कमरेपर्यंत."

"मग चांगली ऐसपैस शिवते."