थंड जागा

सारिका : आबा, हात लावू नका. उन्हात तर अजिबात ठेवायची नाहीत.

आबा : ओली झालीत ना. घडीभर वाळली की होतील सरळ.

सारिका : आणखी वाकडी होतील, रंगही उडेल. कुंदनची क्रिकेटची कार्डं आहेत ती, पापड नाहीत. डबा होता कुठे इतके दिवस?

आबा : चेंबरमां.

सारिका : केळी पिकवायच्या?

आबा : शेठले विचारून ठेवला. यंदा पत्र्याखाली पंचेचाळीस डिग्री. नवल फोनवर म्हणे, गरम जागी नको, अन् कुलरजवळ बी नको, ओल लागते. मग बठ्ठ्या गावात थंड जागा कोणती शे, सांग.

सारिका : केळं सुकू नये म्हणून तिथे आत ओल सोडतात, आबा.

आबा : माहीत शे. सकाळी भिंतीवरचं पाणी मीच पुसतो. पण डोक्यात नही आलं, माय. थंड, एवढंच डोक्यात.

सारिका : वरची आठ-दहा चिकटलीत. मागच्या बाजूला कुंदनने पेनने नाव घातलं होतं, शाई पसरली.

आबा : वाचता येतं?

सारिका : 'कुं' दिसतं. पुढचं नाही.

आबा : पत्र्यातून गळलं म्हणू नवलले.

सारिका : वैशाखात? दादा काय खुळा आहे? आपला धाकटा कुंदन गेल्यापासून तो दर आखाजीच्या सणाला येतो तो या डब्यासाठी. ओल शोषणाऱ्या पुड्या बदलतो, कार्डं मोजतो, सकाळी निघतो. तुमच्याशी धड चार शब्द बोलत नाही. आता डबाच गेला, तर पुढच्या वर्षी कशाला येईल?

आबा : तेच भेव शे माले.

सारिका : त्याचाच फोन. स्पीकरवर टाकते. तुम्ही गप्प बसा.

नवल : सारिका, बसने पाळधी सोडलं. नव्या पुड्या आणल्यात. डबा काढून ठेव.

आबा : नवल, मी बोलतो. डबा मी चेंबरमां ठेवला व्हता. कार्डं भिजली. सारिकाचा काही दोष नही.

सारिका : दादा? ऐकतोयस ना?

आबा : ऐकू दे त्याले. कुंदनले मीच भर दुपारी केळीची गाडी भरायले पाठवलं. ऊन लागलं, घरी आणला, तर त्याले ठेवायले थंड जागा गावली नही. तू तेव्हा तोंडावर बोलला माले, खरंच बोलला. यंदा जागा गावली, म्हणून डबा ठेवला. तुले परत फिरायचं तर फिर, बेटा. मी स्टँडवर येऊन उभा राहतो.

नवल : आता?

आबा : हा. चप्पल घातली.

नवल : काढा ती. बारा वाजलेत, आबा, उन्हात उभे राहू नका. मी येतो घरी.